ध्रुवावर ड्रोन का गांगरतो?

तेलंगणात थंडीची बातमी आली की आदिलाबादचं नाव येणारच. तरी त्याच जिल्ह्यातल्या नेरडीगोंड्याच्या कपाशीवर फवारणी करणाऱ्या ड्रोनला या थंडीचं फारसं काही वाटत नाही. हाच ड्रोन ध्रुवाकडे नेला तर? बॅटरी गारठेल, हे कुणीही सांगेल. पण ती उडवेपर्यंत कोटाच्या खिशात उबेला ठेवली की निम्मं दुखणं आटोक्यात येतं. खरी फजिती वेगळीच. आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे, हेच ड्रोनला कळेनासं होतं.

दोष होकायंत्राचा. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा नेरडीगोंड्यात जमिनीशी ३० अंशांच्या आतला कोन करतात, म्हणजे बऱ्यापैकी आडव्या असतात. दिशा कळते ती या आडव्या जोरावर. उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्डमध्ये भारताचं 'हिमाद्री' केंद्र २००८पासून आहे. तिथे हाच कोन ८० अंशांच्या पुढे जातो. सुई जमिनीतच घुसू पाहते, मग उत्तर दाखवायला जोर उरतोच कुठे? त्यात ड्रोनच्या मोटारींचा विद्युतप्रवाह स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. आपल्याकडे ते खपून जातं, तिथे तेच वरचढ ठरतं.

(विजेचा हा उपद्व्याप मुंबईने केव्हाच अनुभवलाय. विजेच्या ट्राममुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला हलवलं. ड्रोनला कुठलं आलंय अलिबाग! फार तर होकायंत्र मोटारींपासून दूर, एखाद्या दांडीवर बसवायचं.)

आणि चुंबकीय ध्रुव तरी एका जागी असावेत? दक्षिणेकडचा आज अंटार्क्टिकाच्या जमिनीवर नाहीच. तो समुद्रात आहे, साधारण ६४ अंश दक्षिणेला, अंटार्क्टिक वृत्ताच्याही बाहेर! उत्तरेकडचा जेम्स क्लार्क रॉसने १८३१ मध्ये आजच्या कॅनडात गाठला होता. आता त्याने सैबेरियाची वाट धरलीय. या शतकाच्या सुरुवातीला तो वर्षाला ५० किलोमीटरच्या आसपास सरकत होता.

मग जीपीएस आहे की! आहे, पण त्या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या आहेत. ऐन ध्रुवावर त्यातला एकही डोक्यावर येत नाही, सगळे अर्ध्या आकाशाखालीच घुटमळतात. त्यामुळे उंचीच्या मोजमापात गफलत वाढते. आपल्या 'नाविक'ची हद्द भारत आणि भोवतालचे १,५०० किलोमीटर, तेव्हा त्याची आशा नको. शिवाय जीपीएस जागा सांगतं, तोंडाची दिशा नाही. त्यावर तोडगा छान आहे: ड्रोनवर थोड्या अंतराने दोन अँटेना बसवायच्या आणि दोन्हींच्या जागांवरून दिशा काढायची. चुंबकाची गरजच नाही.

रेखांशांची तऱ्हा तर आणखी न्यारी. नेरडीगोंड्यात एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. ध्रुवापासून १०० मीटरवर तोच अंश दोन मीटरही भरत नाही. चार पावलांत रेखांश बदलतो. दक्षिण ध्रुवावर उभं राहिलात तर चहूकडे उत्तरच.

कॅमेऱ्याने खाली बघत उडावं, तर सपाट पांढऱ्या बर्फात नजर ठरायला खूणच नाही. बर्फच कशाला, मंगळावरच्या 'इंजेन्युइटी'चा घात अशाच निर्विकार वाळूने केला. १८ जानेवारी २०२४च्या ७२व्या उड्डाणात खुणा सापडेनात, उतरताना पाती मोडली आणि हेलिकॉप्टरचं उडणं कायमचं थांबलं. तिथे जीपीएस नाही, होकायंत्राला लागणारं मंगळव्यापी चुंबकीय क्षेत्रही नाही.

एवढं सगळं असूनही ध्रुवीय ड्रोन भाव खाऊन जातात. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या टोकाशी डेंजर बेटं आहेत. तिथल्या पेंग्विनांच्या वसाहतींचे फोटो ड्रोनने वरून काढले आणि मोजदादीत संगणकाची मदत घेतली. २०१८ साली ॲडेली पेंग्विनांचा आकडा जाहीर झाला: ७,५१,५२७ जोड्या. एवढी मोठी वस्ती तिथे आहे, याचा तोवर जगाला पत्ताच नव्हता.