घोट न घेता

गझला लिहिताना मी आयुष्यभर प्याले रिते केले, ते शाईनं. दारूला कधी हात लावला नाही. घरची शिकवण तशी आणि मनही तसंच. त्यामुळे पोर्तुगालमध्ये, पोर्ट वाईनसाठी १७५६ मध्येच ज्याच्या सीमा आखल्या गेल्या त्या दोरो नदीच्या खोऱ्यात, वाईन चाखायच्या टेबलापाशी बसताना अवघडलो होतो. यजमानांना म्हटलं, ‘मी पिणार नाही.’ ते हसले. ‘नाक आणलंय ना?’

त्यांचं खरं होतं. आपण जिला चव म्हणतो, तिच्यात मोठा वाटा वासाचा. सर्दी झाली की आमटी सपक लागते, ती म्हणूनच.

आधी पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरायचा. कोवळी रेड वाईन जांभळट दिसते, मुरलेलीची कड विटकरी होते. मग पेला गोल फिरवायचा, म्हणजे वास सुटतो. मला आधी पिकल्या जांभळासारखा वास आला. मागून व्हॅनिला, लवंग. हे मागचे वास ओकच्या लाकडाचे. पिंप घडवताना ते आतून विस्तवावर शेकतात. लाकडातून किंचित हवाही आत जात राहते आणि वाईनचा तुरटपणा मवाळ होतो. गंमत म्हणजे आपला ‘पिंप’ हा शब्दही पोर्तुगीज ‘पीपा’वरून आलेला!

खिडकीबाहेर उतारावर दगडी बांध होते आणि पाटीसारख्या फुटणाऱ्या खडकात जुन्या वेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीनं इथले मळे उजाड केले. मग अमेरिकी वेलींच्या मुळांवर इथल्या जातींची कलमं बांधली. जुन्या मळ्यांत अनेक जाती सरमिसळ लावलेल्या. कुणी लवकर पिकते, कुणी उशिरा. तरी एकदमच खुडतात, एकत्रच आंबवतात. म्हातारी वेल घड मोजकेच देते, पण मुळं भेगांत खोल गेलेली असल्यानं कोरड्या उन्हाळ्यात तग धरते.

यजमानांनी घोट तोंडात घोळवला आणि भांड्यात थुंकला. चाखण्याची रीतच तशी. मग दुसऱ्या बाटलीतली वाईन माझ्यापुढे ठेवली. हुंगली, तर नुसता व्हॅनिला. ‘लाकूड जास्त झालं,’ ते म्हणाले, ‘वेली हरवल्या.’ अलंकारांनी लादलेल्या माझ्या कविता आठवल्या.

रात्री वही उघडली. एका गझलेत ‘मदिरा’ चारदा आली होती, वास एकदाही नव्हता. तीन खोडल्या. चौथी ठेवावी का, ते अजून ठरत नाही.