विश्लेषण : कधीकाळी बाजारपेठ, आज डोंगरपायथ्याचे गाव… अंजनेरीचा तेराशे वर्षांचा इतिहास काय सांगतो?

सातपूरची औद्योगिक वसाहत मागे टाकून त्र्यंबक रस्त्याने निघाले की काही वेळातच डाव्या हाताला अंजनेरीचा लांबरुंद डोंगर दिसू लागतो. शनिवारी, हनुमान जयंतीला आणि पावसाळ्यातल्या सुट्यांना येथे गाड्यांची रांग लागते. बहुतेक जण थेट डोंगराच्या वाटेला लागतात. पायथ्याचे गाव मात्र रस्त्यातला थांबा एवढेच राहते. प्रत्यक्षात नाशिक जिल्ह्याच्या इतिहासातील काही महत्त्वाचे लेखी पुरावे याच गावातून मिळाले आहेत. डोंगरावर रस्ता आणि रोपवे नेण्याच्या प्रस्तावांमुळे अंजनेरी पुन्हा पुन्हा चर्चेत येते. त्या निमित्ताने या गावाची गोष्ट…

अंजनेरी नेमके कुठे आहे?

नाशिकपासून साधारण २० किलोमीटरवर, त्र्यंबकेश्वरच्या अलीकडे हे गाव आहे. मागचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. डोंगराच्या वाटेवर जैन लेणी लागतात. वर पठारावर अंजनीमातेचे मंदिर, तळे आणि त्याहून वरच्या टप्प्यावर अंजनीमातेचे दुसरे मंदिर आहे. प्रशासकीयदृष्ट्या गाव त्र्यंबकेश्वर तालुक्यात येते. महादेव कोळी, ठाकूर अशा आदिवासी समाजांची मोठी वस्ती असलेला हा तालुका आहे.

एकेकाळी या परिसराचे महत्त्व त्याच्या जागेमुळे होते. नाशिककडून त्र्यंबक-जव्हार बाजूने कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा येथून जवळ. किनाऱ्यावरच्या बंदरांतला माल घाट चढून देशावर यायचा आणि देशावरचा माल खाली जायचा. अशा वाटेवर डोंगराच्या आडोशाला, पाण्याच्या सोयीने बाजार भरणे स्वाभाविक होते.

सर्वात जुना पुरावा कोणता?

अंजनेरीत सापडलेले ताम्रपट. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी त्यांचे वाचन करून ते प्रसिद्ध केले. हे ताम्रपट हरिश्चंद्र वंशातील भोगशक्ती या राजाचे आहेत. हा राजा बदामीच्या चालुक्यांचा मांडलिक होता. एका ताम्रपटावर कलचुरी संवत ४६१ असा काळ आहे, म्हणजे इ. स. ७१०-११. या घराण्याच्या ताब्यात १४ हजार गावांचा ‘पुरी-कोकण’ प्रांत असल्याचा उल्लेख त्यात आहे.

हा लेख मुख्यतः एका विष्णुमंदिराच्या दानाचा आहे. राजाने मंदिराला गावे आणि काही करांचे उत्पन्न तोडून दिले. मंदिराची आणि त्याच्या वार्षिक यात्रेची व्यवस्था जयपूर नावाच्या नगरातील व्यापाऱ्यांकडे सोपवली. म्हणजे आठव्या शतकाच्या सुरुवातीला या डोंगराळ भागात व्यापाऱ्यांचा संघटित समूह होता आणि राजाला त्याच्यावर विसंबावेसे वाटत होते.

ताम्रपटात ‘कृष्णराज रुपक’ या नाण्याचाही उल्लेख येतो. कलचुरी राजा कृष्णराज सहाव्या शतकातला. त्याची चांदीची नाणी त्याच्यानंतर सुमारे दीडशे वर्षे या भागातल्या व्यवहारात होती, हे या लेखामुळे कळले. राज्ये बदलली तरी बाजाराने ओळखीचे नाणे सोडले नाही. योगायोग असा, की नाण्यांचा अभ्यास करणारी देशातील नामांकित संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालयही आज अंजनेरीतच आहे.

ओसाड गाव वसवताना राजाने काय कबूल केले?

भोगशक्तीच्या काळातील आणखी एक नोंद वाचण्यासारखी आहे. समगिरी नावाचे नगर उद्ध्वस्त झाले होते. ते पुन्हा वसवताना तेथे येणाऱ्या व्यापाऱ्यांना सवलती लिहून देण्यात आल्या. त्यांच्याकडून जकात घेतली जाणार नाही. कोणी निपुत्रिक मेला तर त्याची मालमत्ता सरकारजमा होणार नाही. राजाच्या माणसांच्या राहण्या-जेवणाचा बोजा रहिवाशांवर पडणार नाही.

यातली शेवटची सवलत त्या काळच्या सामान्य माणसाचे जगणे समजायला पुरेशी आहे. सरकारी माणूस गावात उतरला की त्याची सरबराई गावानेच करायची, ही रीत इतकी त्रासाची होती की ती माफ करणे हेच वसाहतीचे आमिष ठरले.

याच लेखात मारामारीतली दुखापत, स्त्रियांवरचा अत्याचार अशा गुन्ह्यांसाठी दंडाचे आकडे ठरवून दिले आहेत. शिवाय वादाच्या प्रसंगी नगरातील ८ किंवा १६ जाणत्यांनी विचार करून जो निर्णय द्यावा तो प्रमाण मानावा, असेही म्हटले आहे. गाव वसवायचे तर गावाला निवाड्याचा अधिकार द्यावा लागतो, हे तेराशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला मान्य होते.

पायथ्याच्या देवळांतून काय कळते?

अंजनेरीच्या पायथ्याला हिंदू आणि जैन मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत. काही मंदिरांचे कोरीव खांब आणि दरवाजे अजून उभे आहेत, काहींची फक्त जोती उरली आहेत. एका लहान गावाला एवढी देवळे कशाला लागतील, याचे उत्तर तेथील एका शिलालेखात सापडते.

हा लेख शके १०६३ म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, यादव राजा सेउणदेव याच्या काळातला आहे. आठवे जैन तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिराला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. दान शेतीचे नाही, तर नगरातील दुकानांचे आहे. राजाबरोबर एका धनिक व्यापाऱ्यानेही दुकान आणि घर दिल्याचे त्यात म्हटले आहे. दुकानांचे उत्पन्न देवळाला लावून देता येईल इतका व्यापार येथे चालत होता. आज ज्याला आपण ‘पायथ्याचे गाव’ म्हणतो, ते तेव्हा नगर होते.

‘गवळी राजे’ कोण?

इंग्रज अधिकाऱ्यांनी १८८३ मध्ये नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध केले, तेव्हा ही मंदिरे कित्येक शतकांपासून पडक्या अवस्थेत असावीत, असे त्यांना दिसले. ती ‘गवळी राजांच्या’ काळातली आहेत, असे सांगितले जात असल्याची नोंदही गॅझेटियरमध्ये आहे. गवळी राजे म्हणजे देवगिरीचे यादव, असा खुलासाही तेथे आहे.

महाराष्ट्रात अनेक किल्ल्यांवरची जुनी टाकी, जुने वाडे ‘गवळी राजांचे’ म्हणून सांगितले जातात. यादव स्वतःला श्रीकृष्णाच्या कुळातले म्हणवत, त्यामुळे हे नाव त्यांना चिकटले, असे एक मत आहे. दुसरीकडे, सह्याद्रीच्या पठारांवर गायी-म्हशी आणि मेंढरे घेऊन फिरणाऱ्या गवळी-धनगर समाजांचा वावर फार जुना आहे. डोंगरातल्या माणसांनी राजाचे नाव विसरले, पण तो आपल्यासारखाच गुरे राखणारा होता, असे सांगत राहिले.

नगराचे गाव कसे झाले?

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला यादवांची सत्ता संपली आणि देवळांना मिळणारा राजाश्रयही गेला. पुढे पेशवाईत शेजारच्या त्र्यंबकेश्वरला ज्योतिर्लिंगाचे मोठे दगडी मंदिर उभे राहिले आणि यात्रेकरूंचा ओढा तिकडे वाढला. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून येणारी रेल्वे कसारा-इगतपुरीच्या घाटातून वर चढली. मालाची मुख्य वाहतूक त्या मार्गाने वळली आणि जुन्या घाटवाटा मागे पडल्या.

डोंगराला मात्र नवे पाहुणे मिळाले. सातपूरला लागून असलेल्या आनंदवल्लीत रघुनाथराव पेशव्यांचा मुक्काम असे. उन्हाळ्यात ते अंजनेरीच्या थंड हवेत राहायला जात. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनीही एप्रिल-मेमध्ये हीच प्रथा चालू ठेवली. राजवट कोणाचीही असो, डोंगर विश्रांतीचे ठिकाण झाला. गाव मात्र पायथ्यालाच राहिले.

हनुमान जन्मस्थळाचा वाद काय आहे?

अंजनीमातेने येथे तप केले आणि हनुमानाचा जन्म येथेच झाला, अशी श्रद्धा आहे. गावाचे आणि डोंगराचे नावही तिच्यावरूनच आले. कर्नाटकात हंपीजवळच्या अंजनाद्री टेकडीबद्दलही अशीच श्रद्धा आहे. एप्रिल २०२१ मध्ये तिरुमला तिरुपती देवस्थानने तिरुमलातील अंजनाद्री हे जन्मस्थळ असल्याचे जाहीर केले. मे २०२२ मध्ये किष्किंधा येथील एका महंतांनी अंजनेरीच्या दाव्याला आव्हान दिले. त्यानंतर नाशिकरोडला भरलेली धर्मसभा गोंधळातच संपली. वादाचा निकाल लागला नाही, पण अंजनेरीचे नाव देशभर पोहोचले आणि भाविकांसाठी सुविधा वाढवण्याच्या मागणीला जोर आला.

रस्ता आणि रोपवेला विरोध का?

मुळेगाव बाजूने डोंगरावर सुमारे १४ किलोमीटरचा रस्ता नेण्याचा प्रस्ताव २०२१ मध्ये पुढे आला. त्यानंतर केंद्राच्या ‘पर्वतमाला’ योजनेत ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेची योजना आखण्यात आली. वृद्ध आणि अपंग भाविकांना वर जाता येईल, स्थानिकांना रोजगार मिळेल, असे समर्थकांचे म्हणणे आहे.

पर्यावरणप्रेमींचा आक्षेप डोंगराच्या स्वभावावरच बोट ठेवतो. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदीलपुष्पाची जात वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये या डोंगरावरून जगासमोर आणली. तिच्या नावातच अंजनेरी आहे. २०१७ मध्ये येथील सुमारे पावणेसहा चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. कातळावरच्या पातळ मातीत उगवणारी ही झाडे मोठ्या गर्दीत आणि खोदकामात टिकत नाहीत. शिवाय पठारावर मुरणारे पावसाचे पाणीच पायथ्याच्या विहिरींना पुरते. डोंगर फोडल्यास त्याचा फटका आधी याच गावांना बसेल.

गावाच्या हातात काय आहे?

त्र्यंबकेश्वर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अशा भागांसाठी १९९६ मध्ये केलेल्या ‘पेसा’ कायद्याने ग्रामसभेला परंपरा, नैसर्गिक साधने आणि वाद मिटवण्याच्या पद्धती जपण्याचा अधिकार दिला. विकासाच्या योजना ग्रामसभेपुढे मांडून मंजूर करून घेणे, भूसंपादनापूर्वी तिच्याशी सल्लामसलत करणे त्यात अपेक्षित आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीमुळे त्र्यंबक रस्त्यालगतच्या जमिनींना भाव आला आहे. त्यामुळे या अधिकाराची कसोटी पुढच्या काही वर्षांत लागेल.

आठव्या शतकात येथे गाव वसवताना ८ किंवा १६ जाणत्यांचा शब्द प्रमाण मानण्याची हमी तांब्यावर कोरून दिली गेली. आज ती हमी कायद्यात आहे. रस्ता असो, रोपवे असो वा मंदिरांभोवतीचा विकास, निर्णयाच्या आधी ग्रामसभेत तो विषय येतो का आणि तेथे झालेला ठराव वर ऐकला जातो का, यावर अंजनेरीच्या इतिहासाचे पुढचे पान ठरणार आहे.