स्मार्टवॉचची नवी आवृत्ती आणि वापरणाऱ्यांच्या अपेक्षा : ॲपल वॉचच्या उदाहरणावरून एक विवेचन

१

मनगटी घड्याळ ही फार काळपर्यंत एक पूर्ण झालेली वस्तू होती. कारखान्यातून बाहेर पडताना तिचे जे रूप व जे गुण असत, तेच तिच्या अखेरपर्यंत टिकत. घड्याळ मागे पडू लागले तर घड्याळजी ते दुरुस्त करी. परंतु त्या दुरुस्तीने त्याला नवा गुण प्राप्त होत नसे. स्मार्टवॉचच्या बाबतीत ही स्थिती पालटली आहे. त्याचे यंत्र विकत घेतल्या दिवशी पूर्ण झालेले असते. पण त्या यंत्राला चालविणारी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, उत्पादकाच्या हाती राहते आणि दरवर्षी नवी होते. त्यामुळे खरेदीनंतरही ग्राहकाच्या मनात एक अपेक्षा जिवंत राहते : हे घड्याळ आज जे करीत नाही, ते पुढील आवृत्तीत करू लागेल.

या अपेक्षांकडे हौशी ग्राहकांच्या मागण्यांची यादी म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्यांच्या पोटी तीन गंभीर प्रश्न आहेत. यंत्राची मर्यादा कोठे संपते व आज्ञावलीची कोठे सुरू होते, हा पहिला. वापरणाऱ्याच्या शरीराविषयी व दिनक्रमाविषयी उत्पादकाने कोणती गृहीते धरली आहेत, हा दुसरा. आणि पैसे मोजून घेतलेल्या वस्तूने कसे वागावे हे ठरविण्याचा अखेरचा अधिकार कोणाचा, हा तिसरा. ॲपल वॉच हे घड्याळ २४ एप्रिल २०१५ रोजी विक्रीस आले. तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या जवळजवळ दर सप्टेंबरात नियमाने प्रसिद्ध होत आल्या आहेत. अपेक्षा व्यक्त होणे आणि ती पुरी होणे यांतील अंतर मोजण्यास हे उदाहरण म्हणून सोयीचे आहे.

२

आरंभीची सर्वांत व्यापक तक्रार मंदगतीची होती. बाहेरच्या निर्मात्यांचे एखादे ॲप उघडावयाचे झाल्यास घड्याळ कित्येक क्षण थांबे. याचे कारण रचनेत होते. पहिल्या आवृत्तीत असे ॲप खऱ्या अर्थाने घड्याळात चालतच नसे. त्याचे कार्य खिशातील आयफोनमध्ये होई व घड्याळ केवळ त्याचे उत्तर पडद्यावर दाखवी. प्रत्येक स्पर्शाचा निरोप फोनकडे जाऊन परत यावयाचा, तेव्हा विलंब अटळ होता. सप्टेंबर २०१५ मधील दुसऱ्या आवृत्तीने ॲपला घड्याळाच्याच प्रक्रियकावर चालण्याची परवानगी दिली. २०१६ मधील तिसऱ्या आवृत्तीने नेहमीची ॲप स्मृतीत तयार ठेवण्याची व्यवस्था केली. २०१९ मधील सहाव्या आवृत्तीत ॲपचे दुकानच घड्याळावर आले, आणि फोनच्या मध्यस्थीवाचून ॲप उतरवून घेणे शक्य झाले.

या क्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. ग्राहकांनी मागितला होता वेग. त्यांना मिळाले ते स्वातंत्र्य. वेगाची मागणी हे वरवरचे लक्षण होते आणि मूळ व्याधी परावलंबनाची होती. अपेक्षांचा अभ्यास करणाऱ्याने मागणीचे शब्द व मागणीचे कारण यांत भेद केला पाहिजे, तो एवढ्यासाठी.

३

याहून अधिक विचारणीय उदाहरण घड्याळावरील तीन वर्तुळांचे आहे. तांबडे वर्तुळ हालचालीने जळलेल्या उष्मांकांचे, हिरवे व्यायामाच्या मिनिटांचे, आणि निळे दिवसातील किती तासांत मनुष्य उठून उभा राहिला याचे. तिन्ही वर्तुळे पूर्ण करणे हे दिवसाचे उद्दिष्ट. सलग किती दिवस ती पूर्ण झाली याची गणना घड्याळ ठेवते व त्याबद्दल पदकेही देते. मूळच्या रचनेत हालचालीचे उद्दिष्ट तेवढे वापरणाऱ्यास बदलता येई. व्यायामाची ३० मिनिटे व उभे राहण्याचे १२ तास सर्वांना सारखे होते.

या रचनेत एका विशिष्ट मनुष्याची कल्पना गृहीत धरलेली होती. तो निरोगी असतो, दोन पायांवर उभा राहू शकतो, आणि त्याचा प्रत्येक दिवस आदल्या दिवसासारखाच असतो. ज्यांचे जीवन या साच्यात बसत नव्हते त्यांच्याकडूनच सर्वांत अर्थपूर्ण अपेक्षा व्यक्त झाल्या, हे स्वाभाविक होय. चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्यास 'आता उठून उभे राहा' अशी सूचना दर तासाला मिळणे हे निरर्थकच नव्हे, तर क्लेशकारक होते. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत ही उणीव दूर झाली. खुर्चीच्या चाकांना हातांनी दिलेले रेटे मोजले जाऊ लागले, त्यांचे उष्मांक निराळ्या रीतीने काढले जाऊ लागले, आणि उभे राहण्याच्या सूचनेच्या जागी खुर्ची फिरविण्याची सूचना आली. येथे घड्याळाचे यंत्र बदलावे लागले नाही. मनगटाची गती टिपणारा संवेदक पूर्वीचाच होता; बदलला तो त्या गतीचा अर्थ.

विश्रांतीच्या दिवसाची कथा मात्र लांबली. ज्वराने अंथरुणाला खिळलेला, शस्त्रक्रियेनंतर घरी पडून असलेला किंवा व्यायामशास्त्राच्या नियमानुसार स्नायूंना विसावा देणारा मनुष्य घड्याळाच्या दृष्टीने सारखाच दोषी होता. वर्तुळ अपुरे राहिले की महिनोन्महिने जपलेली सलगता तुटे. अंगात ताप असताना केवळ गणना मोडू नये म्हणून फेऱ्या मारण्याचा मोह व्हावा, अशी ही रचना होती. आरोग्यासाठी निर्माण केलेले साधन येथे आरोग्याच्याच विरुद्ध उभे राहत होते. म्हणून 'आजचा दिवस सोडून द्यावा' एवढीच साधी मागणी वर्षानुवर्षे पुनःपुन्हा केली गेली. २०२० च्या सातव्या आवृत्तीत व्यायामाचे व उभे राहण्याचे उद्दिष्ट कमीअधिक करण्याची मुभा मिळाली. परंतु सलगता न मोडता वर्तुळे एक दिवस, एक आठवडा वा अधिक काळ थांबविण्याची, आणि वारानुसार उद्दिष्ट निराळे ठेवण्याची सोय आली ती सप्टेंबर २०२४ मधील अकराव्या आवृत्तीत. म्हणजे घड्याळ बाजारात आल्यापासून नऊ वर्षांहून अधिक काळ लोटला.

हा विलंब तांत्रिक अडचणीमुळे झाला असे म्हणता येत नाही; गणनेत एक दिवस वगळणे हे आज्ञावलीतील अवघड काम नव्हे. अडचण तत्त्वाची होती. सलगतेचे आकर्षण तिच्या कठोरपणातच असते. सवलत दिली की नियमाची धार बोथट होते, आणि न दिली की नियम अन्याय्य ठरतो. उपवासाचे नियम सांगताना आपल्याकडे आजारी, वृद्ध व बालक यांना वगळण्याचा प्रघात आहे. अपवादाने व्रत मोडत नाही, उलट ते पाळण्याजोगे होते, ही त्यामागील समजूत. घड्याळाच्या नियमास हे शहाणपण येण्यास मध्ये दहा आवृत्त्या जाव्या लागल्या.

४

काही अपेक्षा आज्ञावलीने पुऱ्या होतात, तर काहींच्या वाटेत पदार्थविज्ञान उभे राहते. झोपेच्या नोंदीची मागणी या दोहोंच्या सीमेवर होती. ३८ मिलिमीटरच्या पहिल्या घड्याळातील विद्युत्घट अवघा २०५ मिलिअँपिअर-तासांचा होता. समकालीन आयफोन ६ मधील घट १८१० मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे जवळजवळ नऊपट. उत्पादकाने सांगितलेली घड्याळाची मर्यादा १८ तासांची होती. ज्यास रात्री विद्युत्भारित करणे आवश्यक आहे, त्याने रात्रभर मनगटावर राहून झोप कशी मोजावी?

सातव्या आवृत्तीने २०२० मध्ये झोपेची नोंद दिली, तेव्हा हा विरोध मिटविला नाही. त्याभोवती वाट काढली. घट अपुरा असल्यास घड्याळ निजण्यापूर्वी आठवण करून देऊ लागले, आणि भारणाची वेळ रात्रीऐवजी सायंकाळी वा सकाळी सरकली. अर्थात यंत्राची उणीव मनुष्याच्या दिनक्रमाने भरून काढली. २०२२ च्या नवव्या आवृत्तीत झोपेच्या अवस्थांची नोंद व विद्युत् वाचविण्याची अवस्था या दोन्ही गोष्टी एकदमच आल्या. नोंदी वाढाव्यात आणि घटही अधिक टिकावा, या परस्परांना छेद देणाऱ्या इच्छा ग्राहक एकाच वेळी व्यक्त करतो. त्यात विसंगती नाही. त्याला यंत्राचा हिशेब ठाऊक नसतो व तो ठाऊक असण्याची जबाबदारीही त्याची नाही.

५

नव्या आवृत्तीने केवळ दिले असेच घडत नाही. ती काढूनही घेते. पडद्याच्या कडेवरून बोट सरकवून घड्याळाचा दर्शनी चेहरा बदलण्याची सवय ग्राहकांच्या हाती चांगली बसली होती. सप्टेंबर २०२३ मधील दहाव्या आवृत्तीत ती सोय नाहीशी झाली. त्यानंतरची अपेक्षा नवीन काहीच मागत नव्हती. 'होते ते परत द्या' एवढेच तिचे म्हणणे होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात १०.२ या उपआवृत्तीने ती ऐच्छिक स्वरूपात परत दिली. विश्रांतीच्या दिवसास नऊ वर्षे आणि हरवलेल्या सवयीस तीन महिने, ही तुलना बोधप्रद आहे. जे कधी मिळालेच नाही त्याची उणीव विखुरलेली असते. जे हातातून गेले त्याची उणीव सर्वांना एकाच दिवशी जाणवते.

कायद्याचा हातही येथे पोहोचतो. हृदयाचा विद्युत्आलेख काढणारे संवेदक २०१८ च्या चौथ्या पिढीच्या घड्याळात होते. परंतु ती सोय अमेरिकेत त्या वर्षीच्या डिसेंबरात सुरू झाली, तर युरोपातील अनेक देशांत मार्च २०१९ मध्ये, तेथील अनुज्ञा मिळाल्यानंतर. उलट उदाहरण रक्तातील प्राणवायूच्या मोजणीचे. मासिमो या कंपनीशी चाललेल्या पेटंटच्या वादामुळे १८ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या घड्याळांत ही मोजणी आज्ञावलीद्वारे बंद ठेवण्यात आली. संवेदक मनगटावर होता, पण त्याला काम करण्याची आज्ञा नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये निराळ्या रचनेची सोय नव्या उपआवृत्तीने दिली. तीत मोजमाप घड्याळ घेते व गणित आयफोन करतो. २०१५ साली जे परावलंबन दोष मानले गेले होते, तेच दहा वर्षांनी कायदेशीर तोडगा म्हणून उपयोगी पडले, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

६

काही अपेक्षा मात्र अव्याहतपणे नाकारल्या गेल्या आहेत. बाहेरच्या निर्मात्यांनी आखलेले दर्शनी चेहरे लावण्याची अनुमती ही त्यांतील प्रमुख होय. गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या घड्याळांत व त्यापूर्वीच्या पेबल घड्याळात ती होती. ॲपलने सातव्या आवृत्तीत एकाने सजविलेला चेहरा दुसऱ्यास पाठविण्याची सोय दिली, तरी चेहऱ्याचे मूळ आरेखन स्वतःकडेच ठेवले. याचा अर्थ त्या चौकटीत वैविध्य नाही असा नव्हे. सहाव्या आवृत्तीतील काही चेहऱ्यांवर देवनागरी अंक निवडता येऊ लागले. १२ च्या जागी '१२' असे पाहण्याचे समाधान मराठी वाचकास त्यामुळे लाभले. परंतु अंक कोणते असावेत याचे पर्याय उत्पादकाने ठरवावयाचे व ग्राहकाने त्यांतून निवडावयाचे, हा संबंध तसाच राहिला.

या संबंधाचे टोक पेबलच्या इतिहासात दिसते. २०१२ मध्ये ६८,९२९ लोकांनी आगाऊ पैसे देऊन, १ कोटी डॉलरांहून अधिक निधी उभारून, ते घड्याळ निर्माण करविले. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीची आज्ञावली-संपत्ती फिटबिटने घेतली व पेबलचे उत्पादन थांबले. ३० जून २०१८ रोजी त्याच्या सेवाही बंद झाल्या. घड्याळे मनगटावर चालू होती. पण त्यांची नवी आवृत्ती काढणारा कोणी उरला नव्हता. तेव्हा रीबल या नावाने एकत्र आलेल्या वापरणाऱ्यांनीच पर्यायी सेवा उभारली. पुढे फिटबिटची मालकी गूगलकडे गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये पेबलच्या आज्ञावलीचा मोठा भाग सर्वांसाठी खुला करण्यात आला. अपेक्षा ऐकणारा नाहीसा झाल्यावर अपेक्षा करणाराच निर्माता होऊ शकतो, हे येथे सिद्ध झाले. मात्र त्यास मूळ लिखाण हाती येण्याची वाट पाहावी लागली.

ॲपल वॉचच्या जुन्या पिढ्यांची स्थिती याहून सौम्य, पण त्याच जातीची आहे. पहिल्या घड्याळास २०१८ ची पाचवी आवृत्ती मिळाली नाही. चौथ्या व पाचव्या पिढीस २०२४ ची अकरावी मिळाली नाही. म्हणजे विश्रांतीच्या दिवसाची सर्वाधिक काळ वाट पाहणाऱ्यांपैकी ज्यांनी आपले जुने घड्याळच जपले, त्यांना ती सोय लाभलीच नाही.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. अपेक्षांची वर्गवारी त्या किती जणांनी व्यक्त केल्या एवढ्यावरून करणे अपुरे आहे; त्या पुऱ्या होण्यास काय आड येते यावरून ती अधिक नेमकी होते. आड येणारी गोष्ट यंत्र असेल, कायदा असेल, व्यापारी धोरण असेल किंवा केवळ एखादे गृहीत असेल. यांपैकी गृहीताचा अडथळा दूर करणे सर्वांत स्वस्त. परंतु तो सर्वांत उशिरा दिसतो, कारण तो ज्यांना बोचतो ते संख्येने थोडे असतात आणि पुष्कळदा घड्याळ काढून ठेवून मुकाट्याने निघून जातात. जे वापर चालू ठेवतात त्यांच्याच मागण्या नोंदींत येतात. अभ्यासकाने गेलेल्यांचे मौनही मोजले पाहिजे.

दुसरे असे की, शरीराशी सतत संलग्न राहणाऱ्या यंत्रात आज्ञावलीचा प्रत्येक बदल हा थोडासा जीवनक्रमाचाच बदल असतो. म्हणून पुढील आवृत्तीत काय हवे हा प्रश्न ग्राहकास विचारणे पुरेसे नाही. घड्याळाने काय मोजू नये, केव्हा गप्प बसावे, आणि त्याचा निर्णय कोणी करावा, हेही विचारले गेले पाहिजे. आजाऱ्याला एक दिवस निजून राहता यावे, ही अपेक्षा त्या प्रश्नाचेच एक साधे रूप होती.