धातूंची जटिल संयुगे आणि डीएनए : बंध व गुण

धातूचे एखादे जटिल संयुग डीएनएला बांधले जाते असे प्रयोगान्ती दिसून आले, म्हणजे ते कर्करोगावर किंवा जंतुसंसर्गावर गुणकारी ठरण्याचा संभव आहे, असे विधान रसायनशास्त्रीय निबंधांच्या अखेरीस नित्य आढळते. हे विधान सर्वस्वी निराधार नाही. परंतु बांधले जाणे आणि गुण येणे ह्या दोहोंतील अंतर त्यात झाकले जाते. हे अंतर किती मोठे असू शकते, हे सिसप्लॅटिन व त्याचे जुळे भावंड ट्रान्सप्लॅटिन ह्यांच्या तुलनेतून फार स्पष्ट होते.

दोहोंचे घटक अगदी एकच. मध्यभागी प्लॅटिनमचा अणू व त्याच्याभोवती सपाट चौरसाच्या चार कोपऱ्यांवर दोन अमोनिया व दोन क्लोराइड. सिसप्लॅटिनात दोन्ही क्लोराइड शेजारच्या कोपऱ्यांवर असतात, ट्रान्सप्लॅटिनात समोरासमोरच्या. ‘सिस’ म्हणजे लॅटिन भाषेत ‘अलीकडे’ व ‘ट्रान्स’ म्हणजे ‘पलीकडे’. आल्प्सच्या इटलीकडील बाजूस असलेल्या गॉल प्रदेशास रोमन लोक सिसाल्पाइन म्हणत, ते ह्याच अर्थाने. मिकेले पेरोने ह्या इटालियन रसायनज्ञाने सिसप्लॅटिन १८४४ मध्येच तयार केले होते. पुढे १८९३ मध्ये आल्फ्रेड वेर्नर ह्यांनी चौरसाची कल्पना मांडून, त्याच घटकांचे दोन भिन्न पदार्थ कसे संभवतात ह्याचा उलगडा केला. औषध म्हणून मात्र ह्या पदार्थाकडे सुमारे सव्वाशे वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही.

ते गेले तेही आडवाटेने. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे विद्युत्क्षेत्राचा पेशीविभाजनावर काय परिणाम होतो हे पाहत होते. त्यांनी वापरलेले आतड्यातील जंतू वाढत राहिले, पण विभागले जाईनात. त्यांचे नेहमीच्या तीनशेपट लांबीपर्यंतचे तंतू बनले. शोधाअंती असे आढळले की, ह्यात विजेचा थेट संबंध काहीच नव्हता. निष्क्रिय समजून घेतलेल्या प्लॅटिनमच्या विद्युत् अग्रांतून धातूचा अल्प अंश झिजून पोषक द्रवात उतरत होता व तेथील अमोनिया आणि क्लोराइड ह्यांच्याशी संयोग पावत होता. हे निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. जे विभाजन थांबवते ते अर्बुदाचीही वाढ थांबवील, हा पुढचा तर्क उंदरांवरील प्रयोगांत खरा ठरला (१९६९). १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिनाला औषध म्हणून मान्यता मिळाली. पसरलेला वृषणाचा कर्करोग पूर्वी बहुतेक प्राणघातकच ठरे. इंडियाना विद्यापीठातील लॉरेन्स आइनहॉर्न ह्यांनी १९७४ मध्ये सिसप्लॅटिन अन्य दोन औषधांसह देण्यास आरंभ केल्यानंतर अशा रुग्णांपैकी बहुसंख्य बरे होऊ लागले. ट्रान्सप्लॅटिनाला मात्र रुग्णालयात कधीच स्थान मिळाले नाही.

ह्या भेदाचे मूळ डीएनएवरील पकडीच्या आकारात आहे. रक्तात क्लोराइड पुष्कळ असल्यामुळे सिसप्लॅटिन तेथे बहुतांशी अभंग राहते. पेशीत क्लोराइडचे प्रमाण पुष्कळच कमी असते; तेथे क्लोराइड सुटून त्यांच्या जागी पाणी येते, आणि मग ते पाणीही दूर सारून डीएनएतील ग्वानीन ह्या क्षारकाचा नायट्रोजन प्लॅटिनमला चिकटतो. मोकळ्या झालेल्या दोन्ही जागा शेजारी असल्यामुळे एकाच धाग्यावरील लगतचे दोन ग्वानीन एका अणूने जखडले जातात. त्यांना असे जवळ ओढल्याने दुहेरी सर्पिलास ठळक बाक येतो. पेशीतील काही प्रथिने हा बाक ओळखून तेथे चिकटतात, दुरुस्तीच्या कामात अडथळा येतो, आणि दुरुस्ती न साधल्यास पेशी स्वतःच्या मरणाची योजना अमलात आणते. ट्रान्सप्लॅटिनही डीएनएला बांधले जाते. परंतु त्याचे दोन हात विरुद्ध दिशांना असल्यामुळे लगतच्या दोन ग्वानीनांवर ते एकाच वेळी पोहोचू शकत नाहीत व तो विशिष्ट बाक निर्माण होत नाही. तेव्हा निर्णायक ठरतो तो केवळ बंध नव्हे. त्या बंधाने घडलेला, पेशीला ‘वाचता’ येणारा आकार होय.

अन्य संयुगे निराळ्या रीतीने बांधली जातात. सपाट, वलययुक्त लिगंड असलेली काही रुथेनियम-संयुगे क्षारकांच्या चवडीत पत्त्यासारखी सरकतात. त्यामुळे सर्पिल लांबते व द्रावणाची श्यानता वाढते. वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला डीएनए घेऊन ही श्यानता, तसेच प्रकाशशोषणातील बदल मोजणे व त्यावरून बंधस्थिरांक काढणे ही प्रयोगशाळांची रूढ पद्धती आहे. पद्धती निर्दोष आहे. तिच्यावर रचलेली आशा मात्र तशी नाही. परीक्षानळीत डीएनए उघडा असतो. जिवंत पेशीत तो प्रथिनांनी वेढलेला असतो, वाटेत पटल असते, आणि धातूला आधीच पकडणारी गंधकयुक्त द्रव्येही मुबलक असतात.

जंतुनाशकांच्या बाबतीत हे विशेषच जाणवते. फ्रान्सिस ड्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात १९५२ पासून फिनँथ्रोलीनयुक्त धातुसंयुगांचा जैव परिणाम अभ्यासला होता. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढल्यामुळे त्या कामाकडे अभ्यासक पुन्हा वळले. त्यांच्यापुढे आलेली काही द्विकेंद्री रुथेनियम-संयुगे परीक्षानळीत डीएनएला बांधली जातात. जिवंत जंतूत मात्र ती प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमांपाशी गोळा झालेली दिसली. म्हणजे जंतू मरतो, पण ज्या कारणाने मरेल असे वाटले होते त्या कारणाने नव्हे.

प्लॅटिनमच्या घराण्यातही असेच घडले आहे. ऑक्झॅलिप्लॅटिन हे सिसप्लॅटिनाचे धाकटे भावंड डीएनएवर त्याच जागी बसते. म्हणून त्याचे कार्यही तेच असावे, असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखवले की, ते पेशींना मारते ते मुख्यतः रायबोसोमांच्या घडणीत बिघाड करून, डीएनएच्या इजेमुळे नव्हे. सिसप्लॅटिन ज्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर फारसे चालत नाही त्यावरच ऑक्झॅलिप्लॅटिन का उपयोगी पडते, ह्या जुन्या कोड्याकडे त्यामुळे नव्याने पाहता येऊ लागले आहे.