लेण्याचे माप आणि संगणकातील प्रतिकृती

संगणकावर लेण्याचे किंवा स्तूपाचे चित्र तयार करणे आजच्या विद्यार्थ्याला अवघड राहिलेले नाही. मात्र चित्र वेगळे आणि मापाबरहुकूम प्रतिकृती वेगळी. चित्राने डोळ्यांचे समाधान होते. प्रतिकृतीवरून खांबाची जाडी मोजता आली पाहिजे. या फरकाचे मोल बामियानच्या उदाहरणावरून कळते.

अफगाणिस्तानातील बामियानच्या दोन भव्य बुद्धमूर्ती (उंची 55 व 38 मीटर) मार्च 2001 मध्ये तालिबानने उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर झुरिच येथील प्राध्यापक आर्मिन ग्रुएन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या मूर्तीची संगणकीय प्रतिकृती तयार केली. प्रवाशांनी काढलेली छायाचित्रे त्यांच्यापुढे होतीच. पण खरा आधार ठरली ती ऑस्ट्रियाचे प्राध्यापक कोस्तका यांनी 1970 मध्ये मोजणीच्या खास कॅमेऱ्याने घेतलेली छायाचित्रे. मूर्ती शाबूत असताना कोणीतरी हे काम करून ठेवले होते, म्हणून ते साधले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. धाराशिवच्या लेण्यांची नोंद जेम्स बर्जेस यांनी 1878 सालच्या आपल्या अहवालात घेतली. त्यांतील दुसऱ्या लेण्याचा मंडप सुमारे 80 फूट लांब-रुंद आहे. समजा, एका विद्यार्थ्याने 80 हा आकडा संगणकात भरला. संगणकाला फूट कळत नाही, मीटरही कळत नाही. त्याला फक्त 80 कळते. रुपये की पैसे हे न लिहिलेल्या व्हाउचरसारखेच हे आहे, आणि असे व्हाउचर आम्ही बँकेत परत करतो! ब्लेंडर या मोफत प्रणालीत एक एकक म्हणजे एक मीटर धरलेले असते. तेथे 24.38 मीटरचा मंडप 80 मीटरचा होतो, क्षेत्रफळ पावणेअकरा पट होते, आणि पडद्यावर काहीही चुकलेले दिसत नाही, कारण सर्व बाजू सारख्याच वाढलेल्या असतात. तीच फाइल त्रिमिती छपाईच्या यंत्राला दिली, तर आकडा बहुधा मिलिमीटर समजला जातो आणि हाती 8 सेंटिमीटरचे खेळणे येते.

मोबाइलने चहूबाजूंनी छायाचित्रे घेऊन प्रतिकृती बनवण्याची रीतही आता रुळली आहे. तिच्यातून आकार बरोबर मिळतो, पण मोठेपणा मिळत नाही. जवळची लहान वस्तू आणि दूरची मोठी वस्तू छायाचित्रात सारखीच दिसते. म्हणून जागेवर निदान एक अंतर टेपने मोजावे लागते. ते लांब असावे. एक मीटरची पट्टी ठेवली आणि तिच्यात 1 सेंटिमीटरची चूक झाली, तर मंडपाच्या 24 मीटर लांबीत 24 सेंटिमीटरची चूक शिरते. तीच चूक 10 मीटर अंतर मोजताना झाली, तर ती अडीच सेंटिमीटरच्या आतच राहते. दुसरे एक अंतर मोजून वहीत टिपून ठेवावे, संगणकात मात्र भरू नये. प्रतिकृती पुरी झाल्यावर तिच्यावर तेच अंतर मोजून वहीशी ताळा करावा.

आणखी एक मोह टाळावा. संगणकात काटकोन एका कळीसरशी मिळतो. पण लेणे हाताने, छिन्नीने कोरलेले असते. भिंत कोठे आत जाते, कोठे बाहेर येते. 80 बाय 80 चा स्वच्छ चौकोन काढला की ते लेणे उरत नाही, सभागृह होते. समोरासमोरच्या भिंती वेगवेगळ्या मोजाव्यात, कर्णही मोजावेत, आणि जे भरेल तेच लिहावे. फाइलसोबत मापाचे एकक, मोजणीची तारीख आणि कोठून कोठपर्यंत मोजले याचा कागद जोडावा. पडलेल्या भागाची जागा अंदाजाने भरायची असल्यास ती वेगळ्या रंगात दाखवावी.