गव्हाणीतला जन्म आणि शेजारचे ताट

डिसेंबरच्या २० तारखेस श्रीगाडगेबाबांची पुण्यतिथी येते. १९५६ साली याच दिवशी अमरावतीच्या वाटेवर बाबांनी देह ठेवला. गाडगेनगरातील समाधीपाशी त्या दिवसांत कीर्तने होतात, अन्नदान चालते. तेथून रात्री परतताना शहरातील काही घरांच्या ओसरीवर कागदी चांदण्या लटकलेल्या दिसतात, आणि नाताळ आल्याचे आम्हांस स्मरते.

गेल्या वर्षी अशाच एका कीर्तनानंतर एका भगिनीने विचारले, "बुवा, शेजारच्या ख्रिस्ती घरून नाताळचा फराळ येतो. तो घ्यावा की नाही?" गर्दी होती, आरती व्हायची होती, आम्ही उत्तर टाळले. ते आज देत आहोत.

प्रथम शब्दच पाहू. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. त्याचे मूळ लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्मासंबंधीचा. या 'नातुस'चे जुने रूप 'ग्नातुस', आणि ते आपल्या 'जन्' धातूचे सगोत्र. 'जात' आणि 'नाताळ' हे एकाच कुळातले दोन दूरचे भाऊ होत. म्हणजे जन्माष्टमीतला 'जन्म' आणि नाताळ यांचे नाते शब्दांपुरते तरी जुळलेलेच आहे. कथेतही साम्य दिसते : दुष्ट राजाने बालकांचा केलेला संहार, रात्रीची वेळ, आणि जन्माची वार्ता प्रथम कळते ती रानातल्या मेंढपाळांना. यावरून कोणी कोणाची कथा घेतली, असा वाद काही पंडित घालतात. आम्हांस त्यात गोडी नाही.

ही कथा मराठीत प्रथम पुराणाच्याच वेषात आली. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज; १५७९ साली ते गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या आणि सगळी छपाई रोमन अक्षरांत! ज्ञानोबांच्या ओवीचे वळण एका परदेशी धर्मोपदेशकाने इतक्या प्रेमाने उचलावे, याचे आम्हांस दर वेळी नवल वाटते.

आमच्या व्यवसायास जवळचे नाव मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली ख्रिस्ती होण्यापूर्वी नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत. धर्म बदलला, तरी त्यांनी टाळमृदंग टाकले नाहीत; ख्रिस्ताची कथा भजन-कीर्तनातून गाइली. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. या लक्ष्मीबाईंचे स्वतःचे सोवळे सुटायला किती काळ लागला, ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त प्रत्येक गृहिणीने वाचावे.

आता जगाकडे वळू. फिलिपाइन्समध्ये नाताळापूर्वी नऊ दिवस पहाटेच्या अंधारात लोक प्रार्थनेस जमतात. आपला कार्तिकातला काकडा डोळ्यांपुढे उभा राहतो. मेक्सिकोतही त्याच नऊ रात्री मिरवणुका दारोदार 'आसरा द्या' म्हणून गात फिरतात, कारण मेरी आणि जोसेफ यांना धर्मशाळेत जागा मिळाली नव्हती. पोलंडची रीत आम्हांस फार भावली. २४ डिसेंबरला दिवसभर जपून खातात आणि आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर सगळे जेवायला बसतात. संकष्टीस आपण चंद्रोदयाची वाट पाहतो तसे. त्या जेवणात मांस नसते. मेजावरच्या कापडाखाली गव्हाणीची आठवण म्हणून गवत पसरतात आणि अचानक येणाऱ्या अतिथीसाठी एक पान रिकामे मांडतात. गव्हाणीचा देखावा मांडण्याची चाल इटलीतील असिसीच्या संत फ्रान्सिसने रूढ केली. १२२३ साली ग्रेच्यो गावी त्याने खरा बैल आणि खरे गाढव उभे केले होते.

रशियात व इथिओपियात हा सण ७ जानेवारीस येतो; त्यांचे जुने पंचांग तेरा दिवस मागे आहे. स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या पाळणाऱ्यांनी त्यास हसू नये.

महाराष्ट्रात ख्रिस्ती घरांत नाताळास करंज्या, चकल्या, अनारसे होतात. गोव्यात करंजीस नेवरी म्हणतात. दारची चांदणी तर आकाशकंदिलाचीच बहीण.

असाच फराळ आमच्या बालपणी अकोल्यास घरी आला होता. शेजारी एक ख्रिस्ती परिचारिका राहत. आमच्या धाकट्या बहिणीच्या जन्माच्या वेळी मध्यरात्री त्याच धावून आल्या. आई आणि बाळ दोघी त्यांच्या हातून वाचल्या. पुढे महिन्याभरात नाताळ आला आणि क्रोशाच्या रुमालाने झाकलेले ताट घेऊन बाई स्वतः आल्या. आजीने ते हसून घेतले, आणि परसात नेऊन सगळा फराळ गाईपुढे ठेवला. ताट न्यायला बाई मागल्या दाराने आल्या, तेव्हा गाय शेवटची करंजी खात होती. त्या काही बोलल्या नाहीत. गाईच्या मानेवरून हात फिरवला, आमच्या हातचे ताट घेतले, बाळ कसे आहे म्हणून विचारले आणि गेल्या. आजी माजघरात उभी होती. तिने सगळे पाहिले. त्या रात्री ती जेवली नाही. पुढल्या नाताळापूर्वी बाईंची बदली झाली.

त्या भगिनीस आमचे सांगणे एवढेच, की फराळ घ्यावा. अंडे चालत नसेल, तर केक नको असे मोकळेपणाने सांगावे. शेजारीण रागावत नाही. करंजी तिच्या समोर खावी. ताट मात्र रिकामे परत करू नये. संक्रांत तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांवर असते, घरात तीळ आलेलेच असतात.