किती इंच नव्हे, किती किलो?

भूजलाच्या अभ्यासासाठी आम्हाला भोरच्या पश्चिमेकडच्या डोंगरवाड्यांवर वारंवार जावे लागते. शेवटचे चार-पाच किलोमीटर रस्ता असा नसतोच. असते ती चाकांनी पडलेली चाकोरी आणि तिच्या मधोमध गाडीच्या पोटाला लागणारा उंचवटा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका उंचवट्यावर आमच्या गाडीचे पोट टेकले. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी, पण चाके जागच्या जागी फिरत राहिली. परतल्यावर आम्ही गॅरेज गाठले.

“किती इंच उचलायची?” मेकॅनिकने विचारले.

“दोन,” आम्ही म्हणालो.

मागच्या दोन्ही स्प्रिंगा बदलल्या, गाडी दोन इंच वर आली आणि आम्ही खूश झालो. पंधरा दिवसांनी वाडीवर सामान उतरवून मी आणि चालक असे दोघेच रिकामी गाडी घेऊन परतत होतो. एका खडबडीत वळणावर मागची चाके टपटप उडू लागली. मागचा भाग दरीच्या बाजूला सरकला आणि बांधाला टेकून थांबला. कोणाला इजा झाली नाही. पण एरवी त्या वाडीवरच्या शाळेचे दोन गुरुजी आमच्याबरोबर मागे बसून येतात, हे आठवून रात्री झोप लागली नाही.

दोष एकट्या मेकॅनिकचा नव्हता. त्याने विचारलेला प्रश्न अपुरा होता आणि आम्ही, पदार्थविज्ञान शिकलेली माणसे, त्याला निमूटपणे उत्तर देऊन मोकळे झालो होतो.

उंची एक, वाटा दोन

स्प्रिंगवर जितके बल लावावे तितक्या प्रमाणात तिची लांबी बदलते. रॉबर्ट हूकने हा नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये त्याचा उलगडा केला. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला जितके बल लागते तो तिचा बलस्थिरांक. तो मोठा असेल तर स्प्रिंग कडक, लहान असेल तर मऊ.

आता आमच्या गाडीचा हिशोब सोप्या आकड्यांत मांडू. रिकाम्या गाडीत मागच्या प्रत्येक स्प्रिंगवर सुमारे ३०० किलो भार येतो, म्हणजे ढोबळमानाने ३००० न्यूटन बल. मूळ स्प्रिंगचा बलस्थिरांक दर मिलिमीटरला २० न्यूटन धरला, तर ती १५० मिलिमीटर दबते. गाडी ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच, वर घ्यायची आहे. त्याला दोन वाटा आहेत.

पहिली वाट : कडकपणा तोच ठेवून ५० मिलिमीटर जास्त लांब स्प्रिंग घ्यायची. तीही १५० मिलिमीटरच दबेल.

दुसरी वाट : लांबी तीच ठेवून दर मिलिमीटरला ३० न्यूटनची कडक स्प्रिंग घ्यायची. ती १०० मिलिमीटरच दबेल.

दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर उंची अगदी सारखी दिसेल. वागणूक मात्र वेगळी असेल. आम्हाला नकळत दुसरी वाट मिळाली होती.

वर्गात करून पाहा

हे वर्गात सहज दाखवता येते. दोन सारख्या स्प्रिंगा घ्या. एक स्प्रिंग स्टँडला अडकवून तिला २०० ग्रॅमचे वजन लावा. समजा ती १० सेंटिमीटर ताणली गेली. आता तेच वजन दोन स्प्रिंगांना शेजारी-शेजारी अडकवा. ताण ५ सेंटिमीटरच पडेल, म्हणजे वजन ५ सेंटिमीटर वर येईल. मग पुन्हा एकच स्प्रिंग ठेवा आणि स्टँडचा आकडाच ५ सेंटिमीटर वर घ्या. वजन त्याच उंचीवर येईल.

आता दोन्ही मांडण्यांत वजन किंचित खाली ओढून सोडा आणि २० आंदोलने मोजा. एका स्प्रिंगला सुमारे १२.७ सेकंद लागतील, जोडीला सुमारे ९. स्प्रिंगचे स्वतःचे वजन हलके असले की हे आकडे चांगले जुळतात. उंची सारखी, हिसका वेगळा, हे मुलांना बोटांनी जाणवते.

गाडीचेही असेच आहे. वरच्या आकड्यांनुसार रिकामी गाडी मऊ स्प्रिंगवर सेकंदाला १.३ वेळा डोलते, कडक स्प्रिंगवर जवळजवळ १.६ वेळा. याहून महत्त्वाची गोष्ट आहे खड्ड्यांची. खड्डा आला की दबलेली स्प्रिंग मोकळी होऊन चाकाला खाली ढकलते आणि चाक जमीन सोडत नाही. पण स्प्रिंग जितकी दबलेली असते तितकीच ती मोकळी होऊ शकते. कडक स्प्रिंग १०० मिलिमीटरच दबलेली होती. १२० मिलिमीटरचा खड्डा झटकन आला, की चाक काही क्षण अधांतरी. अधांतरी चाकाला ना ब्रेक लागतो, ना ते गाडीला वळणावर धरून ठेवते. आमची मागची चाके उडत होती ती यामुळे.

म्हणजे कडक स्प्रिंग वाईट असे मात्र नाही. प्रत्येक स्प्रिंगवर आणखी १०० किलो भार कायमचा येणार असेल, तर हिशोब उलटतो. मऊ आणि लांब स्प्रिंग ५० मिलिमीटर खचेल आणि मिळवलेली सगळी उंची जाईल. कडक स्प्रिंग ३३ मिलिमीटरच खचेल आणि सेकंदाला सुमारे १.४ वेळा डोलेल, म्हणजे प्रवासही बरा होईल. म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न आहे : ही स्प्रिंग किती भारासाठी बनवली आहे? ‘दोन इंची’ एवढेच सांगणारा दुकानदार अर्धीच माहिती देतो.

तार आणि पाटे

कडकपणा डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण आहे. वेटोळ्याच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. तार १० टक्के जाड केली तर स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. १३ मिलिमीटरऐवजी साधारण १४.४ मिलिमीटरची तार वापरली, की २० न्यूटनची स्प्रिंग ३० न्यूटनची झाली! वेटोळे जितके रुंद आणि जितके जास्त, तितकी स्प्रिंग मऊ.

जुन्या जीपगाड्यांना वेटोळ्यांऐवजी पाटे असतात. तिथेही याच दोन वाटा आहेत. आणखी एक पाटा घालणे म्हणजे कडकपणा वाढवणे. पाट्यांची कमान जास्त वाकवून घेणे म्हणजे कडकपणा तोच ठेवून उंची वाढवणे. पाट्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा कडकपणा आठपट होतो.

उंचीची किंमत

उंच स्प्रिंगांनी नेमके काय उचलले जाते? दोन चाकांना जोडणारा अखंड आस असेल, तर त्याच्या मधला दातेरी चाकांचा गोळा स्प्रिंगच्या खाली असतो. तो तसूभरही वर येत नाही. तो उचलतो फक्त मोठा टायर. स्प्रिंग उचलते ते गाडीचे पोट आणि पुढची-मागची टोके.

त्याचबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो. चाकांमधले अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.७० मीटर धरली, तर ताठ ठोकळ्याप्रमाणे गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. उंची ०.७५ मीटर झाली की हा कोन ४३ अंशांवर येतो. प्रत्यक्षात खालच्या बाजूच्या स्प्रिंगा दबून गाडी आधीच झुकते, त्यामुळे मर्यादा याहून बरीच कमी असते. टपावर सामान असेल तर आणखी कमी. खोक्याच्या तळाशी आणि मग वरच्या बाजूला वजन चिकटवून, फळी हळूहळू तिरपी करत हा प्रयोगही मुलांना करता येईल.

शिवाय स्प्रिंग एकटी बदलून भागत नाही. स्प्रिंगची आंदोलने शमवणारा शॉकअब्सॉर्बर तिच्या लांबीला आणि कडकपणाला साजेसा हवा. ब्रेकच्या रबरी नळ्या चाक पूर्ण खाली लोंबले तरी ताणल्या जाता कामा नयेत. पुढचा आस फिरल्यासारखा होऊन सुकाणू आपोआप सरळ येण्याची सवय मंदावू शकते. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आहेच. निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत फेरफार मालकाला करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा आधी परिवहन कार्यालयात विचारावे. आम्ही नंतर विचारले, हीही आमचीच चूक.

वजनकाट्यावर

शेवटी आम्ही जे आधी करायला हवे होते ते केले. वजनकाट्यावर गाडीची फक्त मागची चाके चढवून वजन घेतले, एकदा रिकामी असताना आणि एकदा माणसे व सामानासह. त्यातून चाके आणि आसाचे वजन वजा केले. भरलेल्या गाडीत प्रत्येक स्प्रिंगवर १०० किलो जादा भार होता. मूळ स्प्रिंगांवर त्याने गाडी किती खचत असेल? बरोबर ५० मिलिमीटर. जे दोन इंच विकत घ्यायला आम्ही गॅरेजात गेलो होतो, ते आमच्याच ओझ्याने गमावलेले होते!

आमचा भार कायमचा नव्हता. महिन्यातून चार-पाच दिवसांचा होता. म्हणून मूळ स्प्रिंगा परत बसवल्या. टपावरची उपकरणांची पेटी खाली जमिनीवर आणली, पाण्याचे भरलेले कॅन नेणे बंद केले. वाडीवर पाणी आहेच, त्याचाच तर अभ्यास करायचा असतो.

आणि तो उंचवटा आला की मागे बसलेले दोघे गुरुजी उतरतात. त्यांचे मिळून १३० किलो उतरले की मागची बाजू तीन सेंटिमीटरांहून थोडी अधिकच वर येते. चालक गाडी सावकाश पलीकडे नेतो. परवा त्यांच्यातल्या एकांनी सातवीच्या मुलांना पट्टी घेऊन तिथे उभे केले आणि आपण उतरण्याआधी व उतरल्यानंतर गाडीची उंची मोजायला लावली. मुलांनी त्यावरून स्प्रिंगचा बलस्थिरांक काढला. तो आमच्या आकड्याच्या बराच जवळ आला.